घरगुती वीजवापराची नोंद व ग्राहकाचा अधिकार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

खरेदी-विक्रीच्या व्यवहारात वस्तूच्या भावाइतकेच तिच्या मापालाही महत्त्व असते. भाव उभयपक्षी ठरला, परंतु माप कोणी, केव्हा व कसे केले हे खरेदीदारास कळले नाही, तर ठरलेल्या भावाला फारसा अर्थ उरत नाही. यवतमाळ जिल्ह्याला हे तत्त्व नव्याने सांगावयास नको. कापूस हे येथील मुख्य पीक आहे, आणि कापसाच्या वजनाचा प्रश्न ह्या भागात फार पूर्वी कायद्याने हाताळला गेला. हा जिल्हा वणी अथवा वून ह्या नावाने ओळखला जात होता त्या काळी, १८९७ मध्ये, वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा अमलात आला. बाजार समिती, परवानाधारक अडते व परवानाधारक मापारी ही व्यवस्था त्या कायद्याने रूढ केली. मापारी परवान्याने बांधलेला असावा आणि वजन उघड्यावर व्हावे, ही त्यामागील दृष्टी होती. आजही कापूस विकणारा शेतकरी आपल्या गाडीबरोबर काट्यापर्यंत जातो आणि आकडा स्वतः पाहतो.

त्याच शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या विजेच्या बाबतीत तो विक्रेता नसून खरेदीदार असतो, आणि तेथे काट्याची स्थिती निराळी आहे. विजेचे मीटर दाराशीच असते हे खरे. परंतु त्यावरील आकडा मीटर बसविल्या दिवसापासूनचा एकत्रित आकडा असतो. मागील वाचनाचा आकडा व त्याची तारीख हाताशी असल्याखेरीज त्या आकड्यावरून काहीच उमगत नाही. वजन होते, पण ते होत असताना खरेदीदार काट्याजवळ नसतो. महिना संपल्यानंतर त्यास केवळ बेरीज कळते. वितरण संस्थांनी घरगुती ग्राहकांस त्यांच्या वीजवापराची तपशीलवार नोंद संगणकीय मार्गाने उपलब्ध करून द्यावी, ह्या विचाराचे मूळ ह्या उणिवेत आहे. हा विचार कशावर आधारलेला आहे, त्याची यांत्रिक बाजू कोणती आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो सार्थ ठरण्यास कोणत्या अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत, ह्याचे विवेचन येथे केले आहे.

१. बिलाची रचना व वेळेचे महत्त्व

यवतमाळ जिल्ह्यातील वीजवितरण महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी, म्हणजेच महावितरण, ह्या संस्थेकडे आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन ही कंपनी जून २००५ मध्ये अस्तित्वात आली. यवतमाळ मंडल हे तिच्या अमरावती परिमंडलात मोडते. घरगुती वापराचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो आणि ते टप्प्याटप्प्याने चढत जातात : महिन्याची पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, ३०१ ते ५०० तिसऱ्या दराने आणि त्यापुढील चौथ्या दराने. २०२४-२५ ह्या वर्षी पहिल्या टप्प्याचा ऊर्जा आकार युनिटास ४.७१ रुपये व दुसऱ्या टप्प्याचा १०.२९ रुपये होता. वरचा दर सर्व युनिटांना लागत नाही. टप्पा ओलांडल्यानंतरच्या युनिटांनाच तो लागतो.

ह्या रचनेचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कुटुंबाचा हिवाळ्यातील वापर महिन्यास ७५ युनिटे आहे असे मानू. उन्हाळ्यात त्या घरी कूलर सुरू होतो. कूलरची विद्युतशक्ती १९० वॅट धरली आणि तो दिवसाकाठी १० तास चालला, तर रोज १.९ युनिटे व ३० दिवसांत ५७ युनिटे जास्त लागतात. एकूण वापर १३२ युनिटे होतो. वरील दरांनी हिवाळ्यातील ऊर्जा आकार ३५३.२५ रुपये आणि उन्हाळ्यातील ८००.२८ रुपये येतो. वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन व विद्युत शुल्क ह्यांत धरलेले नाहीत. वापर पाऊणपटीने वाढला. रक्कम मात्र सव्वादोन पटींहून अधिक झाली. ज्यास टप्प्यांची कल्पना नाही त्यास ही वाढ अन्यायाची वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो दोष मीटरवर ढकलणे हेही तितकेच स्वाभाविक आहे.

ह्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रोजचा वापर ४.४ युनिटे असल्यामुळे हे कुटुंब महिन्याच्या तेविसाव्या दिवशी शंभर युनिटांची मर्यादा ओलांडते. पंधराव्या दिवशीच त्यास ६६ युनिटांचा वापर झाल्याचे कळले, तर उरलेल्या दिवसांत काय करावयाचे ह्याचा विचार ते करू शकते. तीच माहिती महिना संपल्यावर बिलाच्या रूपाने आली तर तिचा उपयोग केवळ रक्कम भरण्यापुरता उरतो. दरम्यान पुढील महिन्याचेही काही दिवस सरलेले असतात. तात्पर्य, वापराची नोंद ही अशी माहिती आहे की, जिचे मूल्य उशिराबरोबर झपाट्याने घटते. बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा तक्ता छापलेला असतो व तो उपयुक्तही आहे. परंतु तो इतिहास आहे, चालू महिन्याची वार्ता नव्हे.

२. २०२० चा अनुभव

वेळेवर न मिळालेल्या नोंदीचा परिणाम किती दूरवर पोहोचू शकतो, ह्याचा अनुभव महाराष्ट्राने २०२० च्या उन्हाळ्यात घेतला. कोरोना साथीमुळे मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली व घरोघर जाऊन मीटरवाचन करणे थांबले. प्रत्यक्ष वाचनाच्या अभावी मागील महिन्यांच्या सरासरीवरून बिले आकारण्यात आली. ही सरासरी हिवाळ्यातील महिन्यांची होती. प्रत्यक्ष वापर मात्र भर उन्हाळ्याचा होता, आणि सर्व कुटुंब दिवसभर घरातच असल्यामुळे तो नेहमीच्या उन्हाळ्याहूनही अधिक होता. वाचन पुन्हा सुरू झाल्यावर हा सारा फरक जूनच्या बिलात एकदम उतरला. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले होते. राज्यभर असंतोष उसळला.

एकत्रित बिल करताना टप्प्यांच्या मर्यादा महिन्यांच्या संख्येने गुणल्या जातात. म्हणजे तीन महिन्यांच्या बिलात पहिला दर १०० ऐवजी ३०० युनिटांपर्यंत लागतो, आणि आधी आकारलेली रक्कम वजा केली जाते. महावितरणने हा हिशेब पडताळून पाहण्यासाठी संकेतस्थळावर स्वतंत्र सोय केली आणि ठिकठिकाणी ग्राहकांशी संवादाचे कार्यक्रम घेतले. टाळेबंदीच्या काळात ग्राहकांनी मीटरचा आकडा स्वतः पाठवावा अशीही व्यवस्था करण्यात आली होती. परंतु हिशेब बरोबर असणे व तो पटणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. एप्रिलमध्ये किती वीज लागली व मे महिन्यात किती, हे दाखविणारी नोंद कोणापाशीच नव्हती. प्रत्यक्ष वाचनांमधील अंतर केवळ सरासरीने भरून काढलेले होते. ज्या नोंदीवर वाद मिटावयाचा तीच अस्तित्वात नसल्यामुळे ग्राहकापुढे विश्वास ठेवणे अथवा न ठेवणे एवढेच दोन मार्ग उरले. ह्या प्रसंगाचा बोध केवळ साथीच्या काळापुरता नाही. मीटरपर्यंत जाता आले नाही, घर बंद होते अथवा मीटर नादुरुस्त होते, अशा प्रत्येक वेळी सरासरीचे बिल निघते, आणि प्रत्येक वेळी हाच प्रश्न लहान प्रमाणात उद्भवतो.

३. स्मार्ट मीटर : नोंदीचा प्रवास

जुन्या मीटरमध्ये एक चकती फिरे व तिच्या फेऱ्या मोजल्या जात. इलेक्ट्रॉनिक मीटराने चकती घालविली, पण एकत्रित आकड्याची पद्धत सामान्य ग्राहकापुरती तशीच राहिली. स्मार्ट मीटर दोन बाबतींत भिन्न आहे. पहिली बाब अशी की, ते दिवसाचे ठराविक कालखंड पाडून प्रत्येक कालखंडातील वापर निराळा नोंदविते. कालखंड अर्ध्या तासाचा असेल तर दिवसास ४८ व तीस दिवसांच्या महिन्यास १,४४० नोंदी होतात. पाव तासाचा असेल तर हीच संख्या दुप्पट होते. दुसरी बाब अशी की, ह्या नोंदी मोबाइल जाळ्याद्वारे अथवा जवळच्या मीटरांच्या परस्परसंदेशवहनाद्वारे मध्यवर्ती यंत्रणेकडे जातात. वाचनासाठी माणसाने येण्याची आवश्यकता राहत नाही. भारतातील अशा मीटरांसाठी भारतीय मानक १६४४४ हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मध्यवर्ती यंत्रणेत पोहोचलेली नोंद जशीच्या तशी बिलात उतरत नाही. प्रथम ती तपासली जाते. मधला एखादा कालखंड गहाळ असेल तर त्याचा अदमास बांधला जातो, आणि विसंगत आकडे दुरुस्त केले जातात. नंतरच बिलाची यंत्रणा व ग्राहकाचे भ्रमणध्वनीवरील ॲप ह्यांकडे ती पाठविली जाते. अदमास बांधणे गैर नाही. डोंगराळ व विरळ वस्तीच्या भागात संदेशवहन खंडित होणे अपरिहार्य आहे. मीटरमध्ये नोंदी काही काळ साठविण्याची सोय असल्यामुळे बहुतेक वेळा त्या मागाहून मिळतातही. परंतु कोणता आकडा मोजलेला आहे व कोणता अदमासाने भरलेला आहे, हे ग्राहकास दिसणाऱ्या तक्त्यात स्पष्ट नमूद असले पाहिजे. अन्यथा २०२० मधील सरासरीचा प्रश्नच नव्या वेषात परत येईल.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये आरंभिलेल्या पुनर्रचित वितरण क्षेत्र योजनेखाली देशभर अशी मीटरे बसविण्याचे ठरले. महाराष्ट्रात महावितरणच्या योजनेतील संख्या दोन कोटींहून अधिक आहे. योजनेचे मूळ रूप आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरांचे होते. त्यास राज्यात, व विशेषतः विदर्भात, तीव्र विरोध झाला. जून २०२४ मध्ये राज्य शासनाने सामान्य घरगुती ग्राहकांस आगाऊ भरण्याची मीटरे लावली जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर स्मार्ट मीटरे लावली जाऊ लागली ती बिल मागाहून भरण्याच्या पद्धतीची. विरोधाची कारणे अनेक होती. परंतु त्यांतील एक कारण अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. नवे मीटर वितरण संस्थेस पुष्कळ काही सांगते, पण ग्राहकास काय सांगते, हे ग्राहकास नीट समजावून सांगितले गेले नव्हते.

४. कायद्याची भूमिका

वास्तविक कायद्याने ह्या बाबतीत पुढचे पाऊल टाकलेले आहे. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये बिनचूक मीटरद्वारेच पुरवठा करण्याचे बंधन आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधी नियम प्रसिद्ध केले व जून २०२३ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. स्मार्ट मीटरचे दूरवाचन दिवसातून किमान एकदा झाले पाहिजे, आणि वीजवापराविषयी ग्राहकास विचारपूर्वक निर्णय घेता यावा म्हणून ती नोंद त्यास दिली गेली पाहिजे, असे ह्या दुरुस्तीत म्हटले आहे. म्हणजे नोंद देणे ही वितरण संस्थेची कृपा नसून नियमाने आलेले कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने आणखी एक साधन दिले. मीटरचा आकडा प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास पाच दिवसांच्या आत दुसरे पडताळणी मीटर लावून किमान तीन महिने वापराची तुलना करावयाची आहे.

२०२३ च्या त्याच दुरुस्तीने दिवसाच्या वेळेनुसार भिन्न दर आकारण्याचेही धोरण स्वीकारले. २०२५ मध्ये महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ ह्या वेळेतील वापरावर सवलत जाहीर झाली. ह्या बदलामुळे नोंदीचा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. एकच दर असताना दोन वाचनांची वजाबाकी करून बिल तपासता येत असे. सातवी-आठवीतील मुलासही ते जमे. वेळेनुसार दर लागू झाल्यावर एकत्रित आकड्यावरून बिल तपासणे अशक्य होते. कोणत्या वेळी किती वीज वापरली ह्याची नोंद ग्राहकाच्या हाती नसेल, तर सवलत मिळाली की नाही हेही त्यास विक्रेत्याच्या शब्दावरच मानावे लागेल.

५. परदेशांतील दोन प्रयत्न

ग्राहकास नोंद देण्याचे प्रयत्न अन्यत्र पूर्वीच झाले आहेत व त्यांतील यशापयश उद्बोधक आहे. गूगल ह्या कंपनीने २००९ मध्ये 'पॉवरमीटर' नावाची सेवा सुरू केली. घरातील विजेचा वापर संगणकाच्या पडद्यावर आलेखाच्या रूपाने दाखविणे हा तिचा हेतू होता. काही निवडक वितरण संस्था व काही उपकरणनिर्माते तिच्याशी जोडले गेले. तथापि अपेक्षित प्रसार न झाल्यामुळे सप्टेंबर २०११ मध्ये ती बंद करण्यात आली. प्रत्येक वितरण संस्थेशी निराळी जोडणी करणाऱ्या सेवेस व्यापक रूप येणे किती कठीण आहे, हे ह्यावरून दिसून आले.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या केंद्र शासनातील तंत्रज्ञानविषयक प्रमुख अधिकारी अनीश चोप्रा ह्यांनी वितरण संस्थांस निराळे आवाहन केले : ग्राहकाची नोंद एका समान आराखड्यात, एका कळीच्या दाबासरशी, त्याच्या स्वाधीन करा. जानेवारी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन मोठ्या संस्थांनी ही 'ग्रीन बटन' सोय सुरू केली. तिचे दोन भाग आहेत. पहिल्याने ग्राहक आपली नोंद उतरवून स्वतःपाशी ठेवतो. दुसऱ्याने तो आपल्या संमतीने ती नोंद त्रयस्थ सल्लागाराकडे परस्पर पाठवू शकतो व ती संमती मागेही घेऊ शकतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने नियम करून वीज व वायू वितरण संस्थांस १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत ही सोय करणे बंधनकारक केले.

ह्या दोन प्रयत्नांतील फरक तत्त्वाचा आहे. एकात नोंद ग्राहकास दाखविली जात होती. दुसऱ्यात ती त्याच्या स्वाधीन केली जाते. दाखविणारा आपल्या सोयीने दाखवितो, आणि आपल्या सोयीने थांबतोही. स्वाधीन झालेली नोंद मात्र ग्राहक साठवितो, दुसऱ्यास दाखवितो, मागील वर्षाशी ताडून पाहतो आणि तक्रारीस जोडतो. भारतात केंद्रीय वीज मंत्रालयाने २०२५ मध्ये 'इंडिया एनर्जी स्टॅक' ह्या नावाने वीजक्षेत्रातील माहितीच्या समान आराखड्यासाठी कार्यगट नेमला. त्याची उपयुक्तता अखेर ह्याच कसोटीवर पाहावी लागेल.

६. बचतीचा मर्यादित अर्थ

नोंद दिल्याने वीज वाचते, हे ह्या विचाराचे सर्वांत प्रचलित समर्थन आहे. त्यास संशोधनाचा आधारही आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स येथे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगात, रोजच्या वापराची वार्ता मिळणाऱ्या कुटुंबांचा वापर इतरांहून सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळला. इंग्लंडमधील सारा डार्बी ह्यांनी २००६ मध्ये केलेल्या आढाव्यात तत्काळ मिळणाऱ्या वार्तेचा परिणाम ५ ते १५ टक्के असल्याचे नमूद आहे. उलटपक्षी, शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रके अमेरिकेत लाखो कुटुंबांस पाठविण्यात आली, तेव्हा हंट ऑलकॉट ह्यांच्या २०११ च्या अभ्यासात सरासरी घट सुमारे दोन टक्केच आढळली. प्रयोग लहान व सहभागी उत्सुक असले म्हणजे परिणाम मोठा दिसतो. व्याप वाढला म्हणजे तो आक्रसतो.

परंतु हे आकडे यवतमाळला जसेच्या तसे लागू करणे युक्त होणार नाही. वातानुकूलन व विद्युत-तापकांवर चालणाऱ्या घरात दहा टक्के घट ही सुखसोयींतील किरकोळ काटछाट असते. दोन दिवे, दोन पंखे व एक कूलर असलेल्या घरात काटछाटीस जागाच थोडी असते. विदर्भाच्या मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर असताना वृद्ध माणसाने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने कूलर बंद ठेवला, तर त्यास बचत हे नाव देता येणार नाही. ते क्लेश होत. म्हणून ह्या जिल्ह्यात नोंदीचे मूल्य किती युनिटे वाचली एवढ्यावरून मापणे चुकीचे ठरेल. बिल किती येणार हे आधी कळणे, त्याची तजवीज करता येणे, जुना पंखा बदलणे परवडेल की नाही ह्याचा हिशेब मांडता येणे आणि बिल चुकले असल्यास ते सिद्ध करता येणे, हीच तिची खरी फळे होत. कापूस विकून पैसे हाती येईपर्यंत ज्या घरात नगद रक्कम जपून वापरावी लागते, त्या घरास ही निश्चिती दहा टक्के बचतीहून कमी मोलाची नाही.

७. नोंद कोणाची व कोणापर्यंत

'ग्राहक' ही संज्ञा कागदावर सरळ दिसते. व्यवहारात ती तशी नसते. बिल आजोबांच्या नावावर असते, त्यांच्या पश्चात ते बदललेले नसते. नोंदविलेला भ्रमणध्वनी पुण्यास नोकरीला गेलेल्या मुलाचा असतो. भाड्याच्या घरात तो घरमालकाचा असतो. संदेश त्या क्रमांकावर जातो. चूल, पंखा व कूलर ज्या गृहिणीच्या हाती आहेत तिला तो दिसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती व तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. कोलाम व गोंड वस्त्या, बंजारा तांडे, तेलंगणाच्या सीमेलगतची गावे ह्यांत घरची बोली मराठीहून भिन्न असते. अशा ठिकाणी केवळ ॲप तयार केल्याने नोंद पोहोचली असे म्हणता येत नाही. महिन्याच्या मध्यास साध्या मराठीत युनिटे व अंदाजी रुपये सांगणारा लघुसंदेश, मीटरच्या दर्शिकेवर त्या महिन्यातील वापर पाहण्याची कळ कशी दाबावी ह्याचे तारमिस्त्रीने घरच्या माणसांस दिलेले प्रात्यक्षिक, आणि गावातील सेवा केंद्रात मागताच मिळणारी छापील प्रत, ही साधने ॲपपेक्षा दूरवर जातील.

ह्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद म्हणजे घराची दिनचर्याच होय. माणसे केव्हा उठतात, केव्हा निजतात, घर केव्हा ओस असते, हे सारे तीतून वाचता येते. हंगामात कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडतात अशा वस्तीत, शून्यावर आलेला आलेख म्हणजे कुलूप लागलेल्या घरांची यादीच ठरेल. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरांचे विधेयक वरिष्ठ सभागृहात अडले ते मुख्यतः ह्याच कारणामुळे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक संगणकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. म्हणून ग्राहकास नोंद देणे व ग्राहकाची नोंद इतरांस देणे ह्या दोन क्रिया कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली विनासायास व्हावी. दुसरी त्याच्या स्पष्ट, मागे घेता येणाऱ्या संमतीविना होऊ नये.

८. दुसरे पारडे

आतापर्यंतच्या विवेचनात केवळ ग्राहकाच्या वापराचा विचार झाला. परंतु स्मार्ट मीटर ग्राहकाचा वापर जसा टिपते तसाच पुरवठ्याचा दाब व तो खंडित झाल्याची वेळही टिपते. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जागटाने ह्या दुसऱ्या बाजूकडे पूर्वीच लक्ष वेधले होते. घरातील प्लगमध्ये बसविलेल्या लहान उपकरणाने दर मिनिटाचा विद्युतदाब नोंदवून तो संकेतस्थळावर सर्वांस खुला करण्याचा उपक्रम त्या गटाने अनेक ठिकाणी राबविला. पुरवठा किती तास होता, दाब किती उतरला, हे त्यामुळे ऐकीव तक्रारीचा विषय न राहता पाहण्याचा विषय झाले. हीच माहिती आता प्रत्येक स्मार्ट मीटरमध्ये जन्मास येते. ती ग्राहकाच्या तक्त्यात वापराच्या शेजारी छापली गेली, तर काट्याची दोन्ही पारडी प्रथमच एका ठिकाणी दिसतील : एकात ग्राहकाने घेतलेली वीज, दुसऱ्यात संस्थेने दिलेला पुरवठा. ती वगळली, तर नव्या मीटराने एकाच पक्षाची नोंद अधिक सूक्ष्म झाली असे होईल.

येणेप्रमाणे घरगुती वीजवापराची नोंद ग्राहकास देण्याचा विचार सार्थ होण्यास पाच अटी संभवतात. नोंद महिना संपण्यापूर्वी मिळाली पाहिजे. ती युनिटांबरोबर रुपयांत व टप्प्यांत सांगितली गेली पाहिजे. तीत मोजलेले आकडे व अदमासाचे आकडे वेगळे दाखविले पाहिजेत. ती केवळ दाखविली न जाता ग्राहकाच्या स्वाधीन झाली पाहिजे आणि त्याच्या संमतीविना इतरत्र जाता कामा नये. पाचवी अट अशी की, पुरवठ्याची नोंदही तिच्याबरोबर आली पाहिजे. ह्यांपैकी एकाही अटीसाठी नवे यंत्र शोधावयाचे नाही. बसविलेल्या मीटरमध्ये ही सामग्री आहेच. तिच्या वाटपाचा निर्णय तेवढा व्हावयाचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ह्या जिल्ह्याच्या बाजारात मापाऱ्यास परवान्याने बांधले गेले, ते कापसाच्या एका गाडीत शेतकऱ्याचे वर्ष भरलेले असते म्हणून. विजेच्या बिलात वर्ष नसले तरी महिना असतो. त्या महिन्याचे माप होत असताना घरच्या माणसास काट्याजवळ उभे राहता येईल काय, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर नव्या मीटरविषयीचा विश्वास अवलंबून राहील.